कर्ज फेडणं अशक्य झालं तर: भारतात सामान्य माणसाची दिवाळखोरी कशी चालते

पगार खात्यात जमा होतो आणि दोन दिवसांत हप्त्यांमध्ये संपतो. उरलेला महिना क्रेडिट कार्डावर निघतो. कार्डाचं बिल भरायला पर्सनल लोन घेतलं जातं आणि त्याचा हप्ता थकला की मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमधून आठवड्याचं कर्ज. या फेऱ्यात वर्ष-दोन वर्षं फिरलेला माणूस एक ना एक दिवस विचारतोच: दिवाळखोरी जाहीर केली तर यातून सुटता येतं का?

येतं, पण सगळ्या कर्जांतून नाही, आणि त्याला वेळ लागतो. तुमच्यावर कर्ज किती आहे यापेक्षा ते कुठल्या प्रकारचं आहे, यावर बरंचसं अवलंबून असतं. पाच लाखांचं कर्ज असलेल्या एकाला दिवाळखोरीचा मोठा आधार मिळू शकतो आणि तेवढंच कर्ज असलेल्या दुसऱ्याला तिचा काडीचाही उपयोग होत नाही. हा फरक नीट कळल्याशिवाय वकिलाची फी भरू नका.

आधी कायद्याबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. दिवाळखोरी म्हटलं की हल्ली २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचं (इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड) नाव घेतलं जातं. बड्या कंपन्यांच्या बातम्यांमधून आयबीसी म्हणून कानावर पडते, ती हीच. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी तरतुदी आहेत. पण तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त अशा लोकांना लागू झाला, ज्यांनी एखाद्या कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली आहे. नोकरदार, दुकानदार, रिक्षाचालक, घरगुती कर्जात बुडालेली गृहिणी, यांच्यासाठी तो भाग अजून सुरूच झालेला नाही. त्यामुळे ‘आयबीसीखाली तुमचं कार्डाचं कर्ज माफ करून देतो’ असं कोणी सांगत असेल, तर तो तुमची दिशाभूल करतोय.

मग सामान्य माणसाला लागू काय होतं? ब्रिटिशांच्या काळातले दोन कायदे. मुंबईत राहणाऱ्यांसाठी १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट, ज्याचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात करायचा. उरलेल्या महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट, म्हणजे प्रांतिक नादारी (दिवाळखोरी) कायदा, ज्याचा अर्ज जिल्हा न्यायालयाकडे जातो. २०१६ च्या संहितेत हे दोन्ही कायदे रद्द करण्याची तरतूद आहे, पण तीही अमलात आलेली नाही. पुढची माहिती मुख्यतः १९२० च्या कायद्याची आहे. मुंबईच्या कायद्याचा सांगाडा बराचसा तसाच आहे.

नव्या संहितेतली एक गोष्ट मात्र मनाला लागते. तिच्यात गरीब कर्जदारासाठी ‘फ्रेश स्टार्ट’ नावाची सोय लिहून ठेवली आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाची पाटी कोरी करायची. महिन्याला पाच हजार रुपयांत भागवणाऱ्या माणसाचं पस्तीस हजारांचं कर्ज! त्याला यातून सोडवणं व्यवस्थेला जड जायला नको. मर्यादा वाढवून ही सोय सुरू व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. तोवर हातात आहे तो शंभर वर्षांपूर्वीचा कायदा.

कर्जाची आधी विभागणी करा

एक कागद घ्या आणि प्रत्येक कर्ज पुढच्यापैकी कुठे बसतं ते लिहा.

पहिला प्रकार तारणाचा: गृहकर्ज, वाहनकर्ज, सोनेतारण. दिवाळखोरीचा आदेश झाला तरी तारण घेतलेल्या बँकेचा हात त्या वस्तूपुरता बांधला जात नाही. ती घर किंवा गाडी ताब्यात घेऊन विकू शकते. विकून पुरेसे पैसे आले नाहीत, तर उरलेल्या रकमेसाठी ती बाकीच्या घेणेकऱ्यांच्या रांगेत येते. तेव्हा राहतं घर वाचवायला दिवाळखोरीचा अर्ज करणार असाल, तर थांबा. गृहकर्ज थकलं असेल तर लढाई सरफेसी कायद्याखाली, म्हणजे बँकेला तारण ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याखाली असते: ६० दिवसांची नोटीस, तिला लेखी हरकत, आणि बँकेनं ताब्याची कारवाई केली की ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत अर्ज. त्या नोटिशीचं पाकीट न उघडता कपाटावर टाकून देणारे लोक कमी नाहीत, आणि ते ६० दिवस पुन्हा मिळत नाहीत.

दुसरा प्रकार दिवाळखोरीनंही न सुटणाऱ्या देण्यांचा. सरकारी देणी, फसवणूक करून घेतलेलं कर्ज आणि न्यायालयानं ठरवून दिलेली पोटगी ही डिस्चार्ज, म्हणजे न्यायालयाचा कर्जमुक्तीचा आदेश, मिळाल्यावरही मानेवर राहतात. चेक न वटल्याचा कलम १३८ चा खटलाही वेगळाच चालतो, कारण ते फौजदारी प्रकरण आहे.

तिसरा प्रकार बिनतारणी: पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, हातउसने, दुकानदाराची किंवा व्यापाऱ्याची उधारी. दिवाळखोरीचा खरा उपयोग होतो तो इथे. तुमच्या कागदावर सर्वात मोठा आकडा या प्रकारात असेल, तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे.

आणि प्रत्येक कर्जासमोर आणखी एक रकाना करा: जामीनदार कोण?

यावर थोडं थांबायला हवं. आपल्याकडे पतसंस्थेचं कर्ज म्हणजे दोन जामीनदार, आणि ते बहुतेकदा ऑफिसातला सहकारी, मेहुणा, चुलतभाऊ किंवा शेजारी असतात. त्यांनी एका संध्याकाळी विश्वासानं सही केलेली असते. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तुम्ही नादार ठरलात, पुढे डिस्चार्जही मिळाला, तरी जामीनदार सुटत नाही; कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढते आणि त्याच्या पगाराला हात घालते. तुमची सुटका होते आणि तुमचा भार त्याच्यावर पडतो. म्हणून अर्ज करायच्या आधी जामीनदाराच्या घरी जाऊन परिस्थिती सांगा. कायदा तुम्हाला तसं करायला लावत नाही. पण नोटीस आल्यावर त्याला कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं, शिवाय त्याला स्वतःचा बचाव करायला, संस्थेशी बोलायला वेळ मिळतो.

अर्जात काय लिहायचं

१९२० च्या कायद्याखाली कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. देणी फेडण्याची ऐपत नाही, आणि त्याशिवाय पुढच्यापैकी एक गोष्ट लागू आहे, एवढं पुरतं: एकूण देणं ५०० रुपये किंवा त्याहून जास्त असणं, पैशांच्या डिक्रीपायी, म्हणजे पैसे देण्याच्या न्यायालयीन हुकुमापायी, अटक झालेली असणं, किंवा तशा डिक्रीत मालमत्तेवर जप्तीचा आदेश असणं. पाचशेचा आकडा १९२० चा आहे, आज त्यात जवळजवळ प्रत्येक जण बसतो. घेणेकरीही तुमच्याविरुद्ध अर्ज करू शकतो, पण त्यासाठी तुम्ही मालमत्ता लपवली, घेणेकऱ्यांना टाळायला घर सोडून गेलात, असं काहीतरी कृत्य गेल्या तीन महिन्यांत घडल्याचं त्याला दाखवावं लागतं.

अर्जाचा जीव असतो त्याच्यासोबतच्या दोन याद्यांमध्ये. पहिलीत सगळी देणी: कोणाचं, किती, त्याचा पत्ता. दुसरीत सगळी मालमत्ता: काय आहे, कुठे आहे, किंमत किती. सगळी म्हणजे अक्षरशः सगळी. गावच्या सात-बारावरचा तुमचा हिस्सा, बायकोच्या नावासोबत जोडलेलं बँक खातं, विम्याची पॉलिसी, मित्राला दिलेले आणि परत न आलेले वीस हजार, बंद पडलेली स्कूटर. आणि ही सगळी मालमत्ता न्यायालयाच्या स्वाधीन करायला तयार आहे, असं निवेदन. देण्यांच्या यादीतून लोक एक नाव हमखास गाळतात, ते म्हणजे जवळच्या नातेवाइकाचं, त्याचे पैसे नंतर गुपचूप देऊ म्हणून. हे करू नका. यादी अपुरी निघाली तर पुढे डिस्चार्जच्या वेळी तीच आडवी येते, आणि जाणूनबुजून मालमत्ता किंवा हिशेब लपवणं हा एक वर्षापर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

सुनावणीत स्वतःहून आलेल्या कर्जदाराला आपली हलाखी खोलवर सिद्ध करावी लागत नाही; ऐपत नसल्याचं प्रथमदर्शनी दिसलं तरी चालतं. न्यायालयाचं समाधान झालं की नादार ठरवणारा आदेश होतो आणि राजपत्रात छापला जातो.

त्या आदेशानं चित्र पालटतं. तुमची मालमत्ता न्यायालयानं नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, मुंबईत ऑफिशियल असायनीकडे. बिनतारणी घेणेकऱ्यांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय तुमच्याविरुद्ध नवा दावा लावता येत नाही की मालमत्तेवर चालून येता येत नाही. अटकेपासून संरक्षणही मागता येतं. मात्र हे कवच आदेशानंतरचं आहे. नुसता अर्ज दाखल केला म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. रिसीव्हर मालमत्ता विकतो, घेणेकऱ्यांचे दावे तपासतो, आणि सरकारी देणी व नोकरांचे थकलेले पगार यांना आधी देऊन उरलेलं बाकीच्यांना प्रमाणात वाटतो. वाटेत तुम्ही तडजोडीचा प्रस्ताव ठेवू शकता. दावे सिद्ध केलेल्या घेणेकऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त, आणि रकमेच्या तीन चतुर्थांश हिस्सा असलेले, राजी झाले आणि न्यायालयानं मान्यता दिली, की तो सगळ्यांवर बंधनकारक होतो.

घरात काय उरतं

घरातलं सगळं उचलून नेतील, ही भीती फार खोल असते, विशेषतः घरातल्या बायकांची. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार जी मालमत्ता जप्त करता येत नाही, ती इथेही सुटलेली असते: कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, रूढीप्रमाणे स्त्रीनं अंगावेगळे करायचे नसतात असे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि बी-बियाणं, प्रॉव्हिडंट फंड, आयुर्विम्याचे पैसे.

पगाराचं गणित वेगळं समजून घ्या, कारण साध्या डिक्रीतही ते कामाला येतं. पोटगी सोडून इतर देण्याच्या डिक्रीत पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीतून सुटतात. समजा, हिशेबात धरला जाणारा पगार ३१,००० आहे. हजार बाजूला काढले, राहिले ३०,०००. त्यातले २०,००० सुरक्षित. म्हणजे २१,००० घरी येणार आणि जास्तीत जास्त १०,००० जप्त होऊ शकतात. एकाच डिक्रीपायी ही जप्ती एकूण २४ महिन्यांपलीकडे चालत नाही. ‘पूर्ण पगार लॉक करू’ असं फोनवर धमकावणाऱ्या वसुलीवाल्याला हे माहीत असतं. तुम्हालाही असू द्या.

डिस्चार्ज मागायला विसरू नका

नादार ठरणं म्हणजे कर्जमुक्ती नाही. ती डिस्चार्जनं मिळते. नादारीचा आदेश देताना न्यायालय एक मुदत ठरवतं आणि त्या मुदतीत डिस्चार्जसाठी तुम्हाला स्वतः अर्ज करावा लागतो. आदेश मिळाला, फोन थांबले, की माणूस सुटल्यासारखा होतो आणि ही तारीख निघून जाते. मग नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो, घेणेकरी पुन्हा दारात उभे राहतात, आणि त्या न्यायालयाच्या परवानगीशिवाय नवा अर्जही करता येत नाही. इतकी मेहनत एका तारखेपायी वाया जाते. ती तारीख घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

डिस्चार्ज देताना न्यायालय तुमची वागणूक पाहतं. विकून आलेली मालमत्ता देण्याच्या रुपयामागे आठ आणेही भरत नसेल, आणि त्यात तुमचा दोष नव्हता हे दाखवता आलं नाही. धंदा होता पण हिशेबाच्या वह्या नव्हत्या. बुडतोय हे कळूनही उधारी वाढवली. जुगारात किंवा उधळपट्टीत पैसे घालवले. अशा वेळी बिनशर्त डिस्चार्ज नाकारला जातो. तो लांबवला जाऊ शकतो किंवा पुढच्या कमाईवर अटी घालून दिला जाऊ शकतो. आजारपणात, नोकरी गेल्यामुळे बुडालेल्या माणसानं म्हणूनच हॉस्पिटलची बिलं, कामावरून काढल्याचं पत्र जपून ठेवावं. दोष तुमचा नव्हता, हे सांगणारे कागद तेच.

डिस्चार्ज मिळेपर्यंतचा काळ कडक असतो. या काळात वारशानं आलेली मालमत्ताही रिसीव्हरकडे जाते. आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची किंवा जास्त उधारी घेतली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. स्थानिक स्वराज्य संस्थेत निवडून जाता येत नाही. डिस्चार्ज न मिळालेल्या नादाराला आमदार किंवा खासदारही राहता येत नाही, हे तर राज्यघटनेतच आहे.

अर्जाच्या आधी केलेले व्यवहारही तपासले जातात. फ्लॅट बायकोच्या नावे बक्षीसपत्रानं केला आणि दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर नादार ठरलात, तर रिसीव्हर तो व्यवहार मोडून काढू शकतो. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत इतरांना डावलून एकाच घेणेकऱ्याला झुकतं माप देऊन फेडलं असेल, तर तेही परत मागितलं जाऊ शकतं. ‘आधी सगळं घरच्यांच्या नावावर करून टाक’ हा सल्ला तुम्हाला पाच जण देतील. त्या पाचांपैकी कोणीही न्यायालयात तुमच्या शेजारी उभं राहणार नाही.

त्याआधीचे रस्ते

माझं मत स्पष्ट आहे: दिवाळखोरीचा अर्ज हा शेवटचा उपाय. तो संथ आहे, त्याला वकील लागतो, आणि देणं मध्यम असेल तर तडजोड बहुतेकदा आधी पदरात पडते. बँकेकडे हप्ता कमी करून मुदत वाढवण्याची मागणी लेखी करा, खातं एनपीए होण्याआधी, म्हणजे थकबाकी ९० दिवसांपलीकडे जाण्याआधी. ती वेळ गेली असेल तर एकरकमी तडजोड. तिच्यात रक्कम, तारीख आणि ‘यानंतर काही देणं उरणार नाही’ हे वाक्य बँकेच्या पत्रावर आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. तडजोडीनंतर सिबिलच्या अहवालात ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ अशी नोंद होते आणि पुढची काही वर्षं कर्ज मिळणं अवघड जातं. मला विचाराल तर झोप उडवणाऱ्या कर्जापेक्षा ती नोंद परवडली. लोकअदालतीत झालेली तडजोड डिक्रीसारखी असते आणि तिच्यावर अपील नसतं, म्हणून झेपेल तोच हप्ता कबूल करा.

जुन्या देण्याबाबत एक खबरदारी. उसन्या पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्याआधी तुम्ही देणं लेखी कबूल केलंत किंवा त्यापोटी थोडीशी रक्कम भरलीत, तर ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. ‘सदिच्छा म्हणून पाचशे भरा’ या विनंतीमागे कधी कधी हेच असतं.

आणि अटकेबद्दल. कर्ज थकणं हा गुन्हा नाही. डिक्री झाल्यावरही, निव्वळ पैसे नाहीत म्हणून कोणाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून अप्रामाणिकपणे टाळाटाळ केल्याचं दिसावं लागतं. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात हे सांगितलं आहे. पैशाच्या डिक्रीसाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. वसुली एजंटनं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना त्रास देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेनं बजावलं आहे. एजंटकडे नेमणुकीचं पत्र मागा, कॉल रेकॉर्ड करा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. परवाना नसलेला सावकार मागे लागला असेल, तर तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानं विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. या सगळ्यात जीव नकोसा होत असेल, तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर आजच फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलतात.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, कामगारांना आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्यांना तिथे वकील मोफत मिळतो. जाताना तो विभागणीचा कागद, प्रत्येक कर्जाचं अद्ययावत स्टेटमेंट, आलेली प्रत्येक नोटीस पाकिटासकट, मागच्या एका वर्षाचं बँक पासबुक आणि पगाराच्या पावत्या न्या. पाकिटावरची तारीख पुष्कळदा आतल्या पत्राइतकीच महत्त्वाची ठरते, कारण नोटीस हातात कधी पडली ते तिच्यावरूनच दाखवता येतं.